लिफ्ट केलेल्या पिकअपला बाहेरच्या कंपनीचे अप्पर कंट्रोल आर्म बसवायचेत. साध्या गॅरेजला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की कराडची तुमची इसुझू व्ही-क्रॉस पुढून दोन इंच उचलून घेतली, आणि तेव्हापासून वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळ होत नाही, हायवेला गाडी भटकते. त्यावर उपाय म्हणून वरचे आर्म, म्हणजे चाकाला वरच्या बाजूने चेसिसशी जोडणारे हात, मागवलेत. ते नेहमीच्या गॅरेजमध्ये बसवले तर चालतील का, हा प्रश्न. मी साताऱ्यात सस्पेन्शनचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चालतील. जुना आर्म काढून नवा लावणं अवघड नाही. पण बुशचे (आर्म चेसिसला जिथे जोडतो तिथल्या रबरी जोडाचे) बोल्ट शेवटचे कधी आवळायचे हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे देऊ नका.

आधी गाडीला झालंय काय ते बघू. पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. गाडी उचलली की वरचा आर्म नेहमीपेक्षा जास्त खाली झुकतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि कॅम्बरही (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) हलतो. स्टीअरिंग आपोआप सरळ करण्याचं काम कॅस्टरचं, म्हणून तुमची गाडी भटकते. शिवाय वरचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा सगळीकडे वळणारा गोल सांधा, त्याच्या कोनाच्या टोकाला जाऊन बसतो. मोठ्या खड्ड्यात चाक लटकलं की तिथेच अडतो. बाहेरच्या कंपनीचे चांगले आर्म बॉल जॉइंट थोडा मागे घेतात आणि त्याचा कोनही बदलतात, त्यामुळे ही दोन्ही दुखणी जातात. फोर बाय फोरच्या ड्राइव्ह शाफ्टचा (पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) वाढलेला कोन मात्र आर्म बदलून कमी होत नाही, तो लिफ्टमुळे आहे आणि तसाच राहणार. लिफ्ट एक-सव्वा इंचच असती आणि अलाइनमेंट मापात बसत असती, तर मी आर्म घेऊच नका म्हणालो असतो.

आता बुश. रबरी बुश म्हणजे लोखंडाच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसच्या कानांत घट्ट धरली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, नुसतं रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, अशा अवस्थेत बोल्ट पक्के केले तर रबराची सरळ स्थिती तीच ठरते. गाडी खाली उतरली की उभ्या जागी बुश पिळलेला, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळ. परवा एक पिकअप आली, आर्म दुसरीकडे बसवलेले, वरून नवेकोरे. बॅटरी मारून पाहिलं तर बुशच्या कडेला रबर गोलाकार फाटलेलं, नखाने सोलून निघत होतं. आर्ममध्ये काही दोष नव्हता.

म्हणून काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप दोन्ही बाजूंना घेऊन लिहून ठेवा. आर्म बसवताना बुशचे बोल्ट नुसते टेकवा. मग खालच्या आर्मखाली जॅक लावून ते माप येईपर्यंत वर घ्या आणि तेव्हाच टॉर्क रेंचने पक्के करा. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, किती, ते आर्मसोबतच्या कागदावर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. अंदाजावर सोडू नका. पॉलीयुरेथेनचे बुश असतील तर ते नळीवर फिरतात, त्यांना ही अट नाही, पण ग्रीस भरपूर हवं.

बॉल जॉइंट सोडवण्याआधी खालच्या आर्मला जॅकचा आधार द्याच, आणि गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. जॉइंट सुटला की नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर कलंडतो आणि सगळा ताण ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरवर येतो, म्हणून तो तारेने बांधून ठेवायचा. नव्या जॉइंटचा निमुळता दांडा आणि नकलचं भोक कोरडं पुसा. तिथे ग्रीस लावायची सवय पुष्कळ जणांना आहे, ती चुकीची. नट टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर आणखी थोडा आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही.

बसवून झालं की स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, तेही चाक पूर्ण लटकलेलं असताना आणि पूर्ण वर दाबलेलं असताना. आर्म स्प्रिंगला घासतो का, टायर आर्मला लागतो का, ब्रेक होज ताणला जातो का, हे डोळ्यांनी पाहा. शंका असेल तिथे खडू फासा आणि एका चाकाने उसाच्या शेताचा बांध चढवा. खडू पुसला गेला तर तिथे लागतंय.

आर्म अजून परत करता येत असतील तर एक बघा. उघडा गोल बेअरिंगवाला जॉइंट असेल तर बदलून सीलबंद बॉल जॉइंटवाले घ्या. कोयनानगर, बामणोली, महाबळेश्वर या बाजूचा पाऊस आणि लाल चिखल उघड्या जॉइंटला चालत नाही. बॉल जॉइंट आणि बुश सुटे मिळतात का, हेही विकणाऱ्याला विचारा.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. पुष्कळ ठिकाणी फक्त टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर किती आहेत ते) धरून गाडी परत देतात. तुम्ही कॅस्टर आधी, मग कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी असं स्पष्ट सांगा आणि छापील कागद घ्या. पुढे बंपर, मागे कॅनोपी कायमची असेल तर त्या वजनासकटच करा. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्या; उचललेल्या गाडीचा प्रकाश खंबाटकीत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रावरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून बदलेल असे फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्यामुळे लिफ्टबद्दल आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्कला पुन्हा तपासून घ्या. तरीही वळणानंतर स्टीअरिंग परतत नसेल तर अलाइनमेंटचा तो कागद इथे टाका, कॅस्टरचे आकडे पाहून सांगतो.