फॅमिली मेडिसिन विभागात संशोधन असतं तरी कसलं?

लॅब नाही, उंदीर नाहीत, मग संशोधन कसलं? प्रश्न रास्त आहे. एक उदाहरण देतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या फॅमिली मेडिसिन विभागातले संशोधक 'चॅप' नावाच्या प्रयोगात होते. ऑन्टारिओतली ३९ मध्यम आकाराची गावं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. २० गावांत औषधांच्या दुकानात स्थानिक स्वयंसेवक बसले. काम काय, तर दहा आठवडे ६५ आणि त्यापुढच्या मंडळींचं बीपी मोजायला मदत करायची, आकडे त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवायचे. बस्स! (थोडं मिळमिळीत वाटतं, मान्य.) २०११ मध्ये निकाल छापून आला: बाकीच्या १९ गावांच्या तुलनेत त्या २० गावांत हृदयविकार-पक्षाघातामुळे इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण या वयोगटात वर्षाला दर हजारी सुमारे तीनने जास्त घटलं. त्यांची लॅब म्हणजे अख्खं गाव.