विंडोज एक्सपीचा जुना पीसी एकदम मंद झालाय, फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न असा: एक्सपीवर चालणारा जुना डेस्कटॉप, आयडीई (रुंद पट्टीच्या केबलने जोडलेली, जुन्या पद्धतीची) हार्ड डिस्क. साधी फाइल उघडायला वेळ लागतो, माऊस अडखळतो, गाणं लावलं तर आवाज तुटतो आणि चालू करताना दर वेळी निळ्या पडद्यावर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) सुरू होते. फॉरमॅट मारावा की थेट एसएसडी टाकावा?

फॉरमॅट मारू नका. आणि पुढच्या वेळी पीसी चालू कराल तेव्हा ती चेकडिस्कही पुढे जाऊ देऊ नका. उलटी मोजणी चालू असताना कोणतीही कळ दाबली की ती टळते. डिस्क मंद होणं आणि डिस्क खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सपीमध्ये तर त्या हमखास एकमेकींसारख्या दिसतात, आणि कोणती कुठली हे न बघता हात घातला की नुकसान होतं.

हे इतक्या ठामपणे लिहितोय कारण अगदी याच तक्रारीचा एक पीसी माझ्याकडे आला होता, तोही सगळं होऊन गेल्यावर. मोजमापाच्या एका उपकरणाला तो जोडलेला होता. आत एक पीसीआय कार्ड, त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कधी निघालाच नाही. आधीच्या तंत्रज्ञाने 'विंडोज करप्ट झाली' म्हणून फॉरमॅट मारून एक्सपी नव्याने टाकली. पीसी पळायला लागला, सगळे खूश. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. मग निदान निघालं की डिस्क गेली. तोवर उपकरणाच्या कॅलिब्रेशनच्या फाइल्स पहिल्याच फॉरमॅटमध्ये गेल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

डिस्क धडधाकट होती. दोष केबलचा होता.

फॉरमॅटनंतर पीसी थोडे दिवस का पळतो, ते नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एक्सपीचा आयडीई ड्रायव्हर प्रत्येक चॅनेलवरच्या (म्हणजे डिस्कच्या जोडणीवरच्या) सीआरसी चुका (वाटेत बिघडलेला डेटा) आणि टाइमआउट (वेळेत न आलेलं उत्तर) मोजत असतो. एकूण सहा भरल्या की तो वेग एक पायरी खाली आणतो: अल्ट्रा डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेण्याची पद्धत) ५ वरून ४, मग ३, असं करत शेवटी पीआयओ. पीआयओमध्ये डिस्कवरचा प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो, म्हणून माऊस अडखळतो आणि आवाज तुटतो. मोजणी बेरजेची असते. मधल्या काळात लाखो वाचनं बिनचूक झाली तरी आकडा आपोआप शून्यावर येत नाही. तो रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) साठतो. आता फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली की रजिस्ट्रीही नवी, मोजणी शून्यावरून सुरू, डीएमए ५ परत हजर. तंत्रज्ञाला वाटतं आपण दुरुस्त केलं. प्रत्यक्षात केबल तशीच असते आणि चुका पुन्हा साचायला लागलेल्या असतात.

हे तपासायला पैसाही लागत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स'खाली प्रायमरी आयडीई चॅनेल, त्याच्या गुणधर्मांत 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'. तिथे 'करंट ट्रान्सफर मोड' दिसतो. वर 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडलेलं असूनही खाली 'पीआयओ मोड' लिहिलेलं असेल, तर मंदपणाचं कारण सापडलं. टास्क मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून कर्नल टाइम्स दाखवायला सांगा आणि एखादी मोठी फाइल कॉपी करा. लाल रेघ हिरवीला चिकटून वर गेली तर त्याला दुजोरा मिळतो.

पुढचा प्रश्न, चुका येतात कुठून. त्यासाठी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे नोंदवते ते, आकडे बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या जुन्या आवृत्त्या एक्सपीवर चालतात. चारच ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि सी७ म्हणजे डिस्क व कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर झालेल्या सीआरसी चुका. रॉ व्हॅल्यूचा रकाना वाचा, 'गुड' या शब्दावर विसंबू नका. सी७ मोठा आणि बाकीचे तीन शून्य असतील तर डिस्कला हात लावू नका, केबल बघा. सी७ कधीच कमी होत नाही, तेव्हा आकडा आज लिहून ठेवा आणि केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का ते पाहा.

त्या पीसीत सी७ भरपूर होता, ०५, सी५ आणि सी६ शून्य. झाकण काढल्यावर दिसलं की ऐंशी तारांची पट्टी डिस्कच्या पिंजऱ्याच्या कडेवर घडी घालून दाबली गेली होती. घडीच्या रेषेवर प्लास्टिक पांढरं पडलेलं. वर डिस्क मधल्या राखाडी कनेक्टरला जोडलेली आणि टोकाचा काळा कनेक्टर मोकळा लोंबकळत होता. एकच डिस्क असेल तर ती नेहमी टोकाच्या काळ्या कनेक्टरलाच लावायची, कारण मोकळ्या टोकावरून सिग्नल उलटा परततो आणि वाचनात घाण मिसळते. निळा कनेक्टर मदरबोर्डकडे, काळा मास्टरला (पहिल्या डिस्कला), राखाडी स्लेव्हला (दुसऱ्या डिस्कला). केबलची लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. चाळीस तारांची जुनी केबल लावली तर वेग अल्ट्रा डीएमए २ वर, म्हणजे सेकंदाला ३३ मेगाबाइटवर अडतो; गोल गुंडाळलेल्या दिखाऊ केबल्स मी वापरत नाही. जम्परही (डिस्कच्या मागची पिनांवरची छोटी टोपी) बघून घ्या: 'केबल सिलेक्ट' असेल तर कनेक्टरची जागा ठरवते कोण मास्टर.

केबल बदलल्यावर नुसता पीसी चालू करून भागत नाही, कारण रजिस्ट्रीतली मोजणी तशीच असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो प्रायमरी आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा ओळखते, बहुधा आणखी एक रीस्टार्ट मागते, आणि डीएमए परत येतं. नाही आलं तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या डिस्कचा मोड 'ऑटो' आहे का ते पाहा. केबल न बदलता फक्त चॅनेल अनइन्स्टॉल करणं म्हणजे फॉरमॅटवाल्याने केलं तेच, थोडं स्वस्तात.

आता दुसरी शक्यता: सी५ किंवा सी६ शून्य नाही. मग डिस्क खरोखर आजारी आहे आणि सगळा क्रम बदलतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम' उघडा. स्रोत 'डिस्क' आणि क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक. क्रमांक ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, तिथे केबल आणि वीज आधी बघायची. 'एटापी'चा ९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही. 'एनटीएफएस'चा ५५ म्हणजे फाइल सिस्टिमची रचना बिघडली. का बिघडली ते तो सांगत नाही. निळा पडदा 'स्टॉप ७ए' दाखवत असेल तर कंसातला दुसरा आकडा वाचा: सी०००००९सी असेल तर खराब सेक्टर, सी००००१८५ असेल तर केबल किंवा कंट्रोलर. लोक हा पडदा आला की घाबरून बटण दाबतात, आणि निम्मं निदान तिथेच लिहिलेलं असतं.

आजारी डिस्कवर चेकडिस्क /आर चालवू नका. 'लावून ठेवा रात्रभर, सकाळी बरी होईल' हा सल्ला मी फार ऐकलाय आणि तो चुकीचा आहे. /आर डिस्कचा सगळा पृष्ठभाग वाचतो, जिथे तुमचं काहीच नाही ती रिकामी जागासुद्धा. वाचनाचं डोकं थकलेलं असेल तर त्याचा उरलासुरला जीव त्यातच जातो. जिथे वाचता आलं नाही तो क्लस्टर (सेक्टरांचा गट) तो 'खराब' म्हणून एनटीएफएसच्या यादीत टाकतो, बस. फोल्डरच्या नोंदी तुटल्या असतील तर त्या छाटून फाइल्स 'फाउंड.०००' मध्ये ढकलतो, नावं गमावून. हेतू फाइल सिस्टिम सुसंगत करण्याचा असतो, तुमच्या फाइल्स वाचवण्याचा नसतो.

फॉरमॅटने बॅड सेक्टर जातात, हेही तितकंच खोटं. एक्सपीचा पूर्ण फॉरमॅट डिस्क वाचून तपासतो, प्रत्येक सेक्टरवर लिहीत नाही. सगळीकडे शून्य लिहिण्याची पद्धत व्हिस्टापासून आली. आणि ताटकळलेला सेक्टर डिस्क बदलून देते ती त्यावर लिहिलं गेल्यावरच. म्हणजे एक्सपीत रात्रभर फॉरमॅट चालवून सी५ जिथल्या तिथे राहतो, डेटा मात्र गेलेला असतो.

करायचं ते असं. चालू होताना चेकडिस्क येऊ नये म्हणून कमांड प्रॉम्प्टवर 'सीएचकेएनटीएफएस /एक्स सी:' द्या. (पुढे सगळं ठीक झाल्यावर 'सीएचकेएनटीएफएस /डी' देऊन पूर्ववत करा.) मग पीसी बंद करा आणि त्या डिस्कवरून विंडोज पुन्हा चालू करू नका. लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून बूट करा. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर ३२ बिटची आवृत्ती शोधा. जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने अख्खी डिस्क दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवा. पहिल्या फेरीत '-एन' द्या, म्हणजे तो सोपं तेवढं आधी उचलतो आणि अडलेल्या जागा मागे ठेवतो. दुसऱ्या फेरीत '-डी -आर३' देऊन फक्त त्या जागांवर प्रयत्न करा. मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची त्याची नोंद) तिसऱ्या ठिकाणी, पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह सीडीच्या मेमरीत ठेवली तर बंद करताच जाते आणि दुसरी फेरी शून्यापासून सुरू होते. आज्ञेत आधी स्रोत, मग लक्ष्य. हा क्रम उलटला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कांचे मॉडेल क्रमांक वाचा.

प्रत झाल्यावर चेकडिस्क चालवायची असेल तर त्या प्रतीवर चालवा. आणि प्रतीवरून एक्सपी पहिल्यांदा बूट करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही एकत्र दिसल्या तर एक्सपी नव्या डिस्कला वेगळं अक्षर देऊन ते लक्षात ठेवते, आणि पुढे लॉगिन करताच लॉगआउट होत राहतं.

वीज आणि रॅम राहिली. डिस्कला वीज देणाऱ्या मोलेक्स कनेक्टरवर पिवळी तार ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये आणि लाल ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी, पीसी चालू आणि डिस्क कामात असताना. डिस्क मध्येच फिरायची थांबून पुन्हा सुरू होत असेल तर आधी हेच मोजा. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर बाकी सगळं निदान बाजूला ठेवा. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही चूक चालत नाही. खराब रॅमवर चेकडिस्क /एफ (चुका दुरुस्त करणारा पर्याय) चालवली तर ती चुकीचं वाचून बरोबर असलेलं 'दुरुस्त' करते, म्हणून रॅमची तपासणी चेकडिस्कच्या आधी.

एसएसडीबद्दल: चालते, पण एक्सपीला ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) येत नाही, आणि एक्सपीने स्वतः केलेलं पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होतं, जे एसएसडीला आणि ४ केबी सेक्टरच्या नव्या हार्ड डिस्कलाही जड जातं. पार्टिशन दुसऱ्या नव्या सिस्टिमवर २०४८व्या सेक्टरपासून करून घ्या, मग त्यात एक्सपी टाका. सर्व्हिस पॅक १ च्या आधीची एक्सपी असेल तर १३७ जीबीपलीकडची डिस्क वापरू नका. साटा (आयडीईनंतरच्या जोडणीची) डिस्क लावल्यावर 'स्टॉप ७बी' (बूट डिस्क न सापडल्याचा निळा पडदा) आला तर बायोसमध्ये एएचसीआयऐवजी आयडीई मोड ठेवा. चालणारा पीसी अचानक ७बी दाखवायला लागला तर सीआर२०३२ सेल बदला, कारण सेल उतरला की काही बोर्डांचं बायोस मूळ सेटिंगवर जातं आणि हाच मोड बदलतो.

एक अपवाद मात्र आहे. डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर वरचं काहीच करू नका, डीडीरेस्क्यूसुद्धा नाही. वीज काढा, आणि डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. आणि एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तेव्हा पीसी दुरुस्त झाल्यावर नेटवर्कची केबल काढूनच ठेवा.

सी७ आणि सी५ चे आकडे इथे लिहा, पुढचं सांगतो.