विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नाटकांत वर्गभेद आणि सामाजिक जबाबदारी नेमकी कुठे दिसते?

इंग्रज नाटककार जॉन गॉल्सवर्दींचं ‘द सिल्व्हर बॉक्स’ (लंडन, १९०६) घ्या. खासदाराचा मुलगा जॅक नशेत एका बाईची पिशवी उचलून आणतो; त्याच रात्री त्याच्या घरातून बेकार जोन्स चांदीची सिगारेटपेटी नेतो. दोघंही प्यायलेले, दोघंही चोर. जॅकचे वडील पैसे भरून प्रकरण मिटवतात. जोन्सला महिनाभर सक्तमजुरी.

बहुतेक उत्तरं इथेच थांबतात. खरी मेख तिसऱ्या अंकात आहे: कोर्टात जोन्स जॅकच्या चोरीबद्दल बोलू लागला की त्याला गप्प केलं जातं. खासदाराला सरळ खलनायक ठरवू नका, तिथेच विश्लेषण फसतं. तो उदारमतवादी आहे, गरिबांबद्दल कळवळ्यानं बोलतो. आणि पेटीच्या चोरीच्या आरोपातून निर्दोष सुटलेली जोन्सची बायको, खासदाराच्याच घरची मोलकरीण, शेवटी आशेनं खासदाराकडे वळते, तेव्हा तो ओशाळून नकाराची खूण करतो आणि घाईनं निघून जातो.