कॅनडासारख्या श्रीमंत देशात मूलनिवासींच्या वस्तीत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन टाकायला इतकी वर्षं का लागतात?

जमीन अवघड आहे, हे खरंच. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागात बऱ्याच ठिकाणी हातभर मातीखाली ग्रॅनाइटसारखा कठीण खडक लागतो. थंडीत जमीन खोलवर गोठते, म्हणून पाइप खोल पुरावे लागतात. खडक फोडणं परवडत नसेल तर फोमचं आवरण चढवलेले पाइप उथळ टाकतात आणि सोबत तापणारी तार सोडतात. सांडपाण्याचं आणखी कठीण, कारण त्याला सलग उतार हवा. घरं लांब लांब असली की तो मिळत नाही. मग प्रत्येक घराशी मैला दळून ढकलणारा छोटा पंप बसवावा लागतो, नाहीतर टाकी आणि ती उपसायला ट्रक.

पण खडकाला सगळा दोष देऊ नका. ओंटारिओ आणि मॅनिटोबा या प्रांतांच्या सीमेवरची शोल लेक ४० ही मूलनिवासींची वस्ती बघा. तिच्याच तळ्याचं पाणी १९१९ पासून दीडशेहून जास्त किलोमीटर दूर विनिपेग शहराला जातं, तेही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. त्याच कामासाठी खणलेल्या कालव्याने वस्ती मुख्य भूमीपासून तोडली. १९९७ पासून तिथल्या लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना होती. पाण्याच्या बाटल्या बाहेरून आणाव्या लागायच्या. बारमाही रस्ता झाला २०१९ मध्ये, शुद्धीकरण केंद्र २०२१ मध्ये. रस्ताच नसेल तर पाइप, सिमेंट, यंत्रं न्यायची कशी?

शहरासाठी शंभर वर्षांपूर्वी जमलं ते इथे चोवीस वर्षं अडलं. मला याचा अजूनही संताप येतो.