आसईची लढाई टेबलावर, पण हप्त्यांवर नको

प्रश्न : वय 31, पुण्यात नोकरी, पगार हातात 62,000, घरखर्च 38,000. मुदत ठेव 1,10,000, महिना 8,000 ची एसआयपी. 1803 ची आसईची लढाई (इंग्रज विरुद्ध शिंदे-भोसले) 28 मिमी मिनिएचर्समध्ये, म्हणजे छोट्या सैनिकांच्या मोहऱ्यांनी, टेबलावर खेळायला मांडायची आहे. मोहरे 96,000, रंग-ब्रश 18,000, भूभाग 22,000, टेबल 12,000, एकूण 1,48,000. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर घेऊ की एसआयपी थांबवू?

उत्तर : दोन्ही नको. छंदावर खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. तुमच्या पगारात तो बसतो. फक्त एका दमात बसत नाही.

कार्डावर 15 टक्के धरले तर वर्षभराचा हप्ता साधारण 13,360. व्याज 12,300 च्या घरात, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. मोहरे इंग्लंडहून मागवणार म्हणता, पण यादीत टपालखर्च नाही, सीमाशुल्क नाही, आयातीवरचा जीएसटी (आयजीएसटी) ही नाही. म्हणजे 1,48,000 हा आकडाच कच्चा आहे.

खरी अडचण मात्र पैशांची नाही, वेळेची आहे. तुमच्या यादीत 320 मोहरे आहेत. एकाला प्रायमरपासून (रंगाआधीचा अस्तर-थर) बेसपर्यंत (मोहऱ्याखालची चकती) तासभर धरा. रविवारचे चार तास दिलेत तरी 80 रविवार लागतील. वर्षानं कर्ज फिटेल तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त फौज बिनरंगाची डब्यात पडलेली असेल. ब्रश चालेल त्या वेगानंच खरेदी करा.

माझं मत विचाराल तर आसईसाठी 28 मिमी हे मापच चुकीचं. शिंद्यांच्या कंपूंची (कवायती पायदळाची) लांबच लांब रांग आणि शंभराच्या आसपास तोफा हेच त्या रणांगणाचं रूप. बारा-बारा मोहऱ्यांची पलटण तिथे पहाऱ्याच्या तुकडीसारखी दिसेल. 6 मिमीत एका बेसवर वीस-पंचवीस शिपाई बसतात, रंगवायला वेळ कमी लागतो आणि टेबल 6 बाय 4 फुटांचं पुरतं. घरातलं जेवणाचं टेबल चालत असेल तर 12,000 तिथेच वाचले.

भूभाग विकत घेऊ नका. दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला आसईची मातीची तटबंदी जमणार नाही, हे मला पटत नाही. फोमशीट, फेविकॉल, चाळलेली माती. केळणा आणि जुई या दोन नद्या मात्र मन लावून करा. काठांवर समोरासमोर गावं दिसली म्हणजे मध्ये उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, असणारच, हे इंग्रजांचा सेनापती वेलस्लीनं ताडलं आणि केळणा ओलांडली; ती गावं आणि तो उतार टेबलावर नसेल तर डावाला अर्थ नाही.

तर महिना 4,000 वेगळ्या खात्यात टाका. एसआयपी चालू राहू द्या. मुदत ठेव म्हणजे तुमचा तीन महिन्यांचाही खर्च नाही. ती मोडायची नाही, उलट वाढवायची. पहिल्या चार महिन्यांच्या 16,000 मध्ये पूर्ण लढाई न मांडता इंग्रजांची उजवी बाजू घ्या : 74 वी हायलँडर पलटण, समोर आसई गाव आणि तोफा. त्या पलटणीची तिथे कत्तल झाली, त्यामुळे एवढा तुकडाही खेळायला चुरशीचा आहे. तो रंगवून, दोन-चार डाव खेळून झाल्यावरच पुढची ऑर्डर.

मित्र बरोबर खेळणार असेल तर ईस्ट इंडिया कंपनीची, म्हणजे इंग्रजांची, फौज त्याच्या खर्चानं उभी राहू द्या. कुठला डबा कोणाचा, हे मात्र आधीच लिहून ठेवा.