शेवटच्या दिवसाचा बर्फ, नऊवारीचा पदर आणि कुकरची शिट्टी

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की डेन्व्हरला असताना जूनमध्ये अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टवर स्कीइंग केलंय, आणि तेवढ्यावरून पत्रांचा ढीग आला. म्हणून या वेळी सगळे प्रश्न बर्फाचेच घेतेय, गुडघेदुखी आणि व्हिसावाल्यांनी महिनाभर थांबा प्लीज. आधीच सांगते, मी काही एक्स्पर्ट नाही, अडतिसाव्या वर्षी शिकले, पहिल्या दिवशी चार वर्षांची पोरं शेजारून सुळकन गेली आणि मी बसले होते तिथेच बसले होते. पण क्लोजिंग डे, म्हणजे रिसॉर्टचा सीझनमधला शेवटचा दिवस, मात्र बरेच बघितलेत.

प्रश्न: ताई, आम्ही सांगलीच्या एकाच कॉलेजचे चौघं मित्र आता डेन्व्हरच्या आसपास असतो. अरापाहो बेसिनच्या क्लोजिंग डेला जायचं ठरलंय. दोन सीझन झाले शिकून, ग्रीन म्हणजे सोपे उतार आरामात होतात, ब्लू म्हणजे मधले घाबरत घाबरत. आमच्यातला एकजण म्हणतो वर नेणारी पहिली खुर्ची-लिफ्ट पकडायची, पहाटे साडेचारला निघू. बरोबर आहे का?

नाही. झोपा.

आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट पहाटे उठल्याशिवाय मिळत नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, काकड आरती असो, ट्रेक असो नाहीतर तत्काळ तिकीट. जानेवारीत ते ठीक आहे, रात्री नवीन बर्फ पडलेला असतो आणि जो आधी जाईल त्याचा. पण मे-जूनमध्ये गणित उलटं होतं. दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो, रात्री तो गोठतो, परत वितळतो, परत गोठतो, आणि असं होता होता बर्फाचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोल जाडसर दाणे तयार होतात. याला तिकडे कॉर्न स्नो म्हणतात, पण मला तो कायम साबुदाणाच वाटत आलाय. सकाळी आठला कोरडा साबुदाणा, म्हणजे अक्षरशः दगड, स्कीच्या कडा खरखर वाजतात, पडलात तर कोपरं सोलवटतात आणि थांबायला काही नाही म्हणून घसरतच जाता. दहा-अकराच्या सुमारास तो नीट भिजतो, वरचा इंच-दीड इंच मोकळा होतो आणि खाली टणक राहतो, आणि हे जे तास-दोन तास असतात ना त्यासाठीच सगळा आटापिटा, कारण त्या बर्फावर माझ्यासारखीसुद्धा बरी दिसते. त्यानंतर मात्र गिचका. पाणी सुटतं, स्की रुततात, वळायला गेलात की पाय वळतो आणि स्की तिथेच राहते.

हे घड्याळ सगळ्या उतारांवर एकसारखं नसतं. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, पश्चिमेकडचा उशिरा, म्हणजे अक्कल असेल तर उन्हाच्या मागे मागे जायचं. आणि आदल्या रात्रीचं आकाश बघा. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी गोठतो. ढग असतील तर तो नीट गोठतच नाही आणि मग सकाळपासूनच खिचडी. अशा दिवशी उलट लवकर जा आणि लवकर आटपा. कधी थांबायचं ते कळायला सोपी खूण आहे, स्की काढून नुसत्या बुटावर उभं राहायचं, घोट्यापर्यंत पाय गेला की झालं. हे माहीत असूनही मी एकदा "अजून एकच" म्हणून दीड वाजता वर गेले होते. उतारावर सावलीतनं उन्हात आले आणि स्कीला कुणीतरी मागनं शेपूट धरल्यासारखं झालं, स्की थांबली, मी नाही थांबले. तोंडावर. बर्फ आणि स्कीच्या मधे पाणी झालं की ते चोखून धरतं, म्हणून असं होतं. त्यासाठी स्कीच्या तळाला लावायचं गरम हवेचं वॅक्स वेगळं मिळतं, आदल्या दिवशी दुकानात नुसतं "स्प्रिंग वॅक्स" म्हणा, त्यांना कळतं. आणि सावलीतून उन्हात जाताना एक पाय जरासा पुढे ठेवा, झटका बसला तरी तोल सावरता येतो.

आता तुमच्या ग्रीन-ब्लूचं. हे जरा नीट वाचा, कारण चौघांपैकी कुणी बोलणार नाही. जूनपर्यंत खालचा सोपा बर्फ बरेचदा संपलेला असतो आणि जे उघडं असतं ते अवघडच असतं. आदल्या दिवशी रिसॉर्टच्या साइटवर कुठल्या लिफ्ट आणि कुठल्या रन, म्हणजे उतरायच्या वाटा, चालू आहेत ते बघा, आणि सोप्या रन बंद असतील तर चौघांनी मिळून लाज सोडून खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसा. खरं सांगते, अर्धा क्लोजिंग डे पार्किंगमध्येच असतो. तिथल्या पहिल्या रांगेला बीच म्हणतात, बर्फाला लागूनच, लोक शेगड्या, तंबू, रबरी फ्लेमिंगो घेऊन येतात, कुत्री मोकाट, कुणीतरी गिटार वाजवत असतं. त्या रांगेसाठी मारामारी असते तेव्हा पार्किंगचे नियम आधीच वाचून ठेवा. आणि नव्या कोऱ्या स्की घेऊन जाऊ नका, बर्फ पातळ झालेला असतो, दगड वर आलेले असतात. क्लोजिंग डेला मुरलेली मंडळी मुद्दाम जुनी खटारा जोडी आणतात.

प्रश्न: आम्ही पाच मैत्रिणींनी शेवटच्या दिवशी नऊवारी नेसून स्की करायचं ठरवलंय. खोपा, नथ, सगळं. काही अडचण येईल का? (एकीच्या सासूबाई म्हणतात शोभत नाही.)

सासूबाईंना सांगा त्या दिवशी तिथे लोक केळं, डायनासोर आणि 1980 च्या झगमगीत वन-पीस सूटमध्ये असतात, नऊवारी त्यातल्या त्यात सगळ्यात सोज्वळ.

अडचण एकच, पण मोठी. पदर. लिफ्टची खुर्ची मागून येते, तुम्ही बसता, वर पोचल्यावर उठता, आणि पदर खुर्चीत अडकलेला असेल तर खुर्ची तुम्हाला घेऊन पुढे निघते. माझं हेच झालंय, एका छोट्या रिसॉर्टवर. वर उतरायच्या जागी मी उठले, पदर नाही उठला, दोन पावलं मागे खेचली गेले तोवर लिफ्टवरच्या मुलाने लाल बटण दाबलं. अख्खी लिफ्ट बंद, मागे निदान तीस खुर्च्या हवेत लोंबकळतायत आणि सगळे माझ्याकडे बघतायत, आणि तो पोरगा अगदी शांतपणे विचारतो, "मॅम, इज धिस अ केप?" तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचा आणि वर चार सेफ्टी पिना, नुसतं खोचून भागत नाही. काष्ट्याचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं, पाय मोकळे राहतात, जी सोय पाचवारीत नाही. आत स्की पँट घाला, साडी सुतीच असू दे की रेशमी, ओल्या बर्फात बसलात की पाणी आत जातंच. हेल्मेट काढायचं नाही, खोपा खालच्या बाजूला बांधा. नथ चापाची घ्या, टोचलेली नको, गॉगल वरखाली करताना ती कशी ओढली जाते ते मी लिहीत बसत नाही.

आणि तळ्यात जाणार असाल, म्हणजे पॉन्ड स्किमिंग, उतारावरून वेगात येऊन पाण्यावरून स्की घसरवत पलीकडे जायचं, तर साडी नको. ए-बेसिनला (अरापाहो बेसिनला सगळे असंच म्हणतात) बर्फ वितळून तळं उघडं पडतं, त्याला लेक रिव्हील म्हणतात, काय गोड नाव आहे. पलीकडे पोचायला वेग लागतो, वजन किंचित मागे, दोन्ही स्की सपाट, आणि मधे घाबरून ब्रेक मारायचा नाही. मधे थांबलात की बुडालात, आणि ते पाणी काही मिनिटांपूर्वी बर्फ होतं. नऊ वार ओलं कापड पायात घेऊन त्यातून बाहेर येणं म्हणजे चेष्टा नाही.

प्रश्न: जून महिन्यात बर्फ राहतोच कसा? आणि या लोकांना एवढं काय त्याचं?

उंची. कळसूबाई 1,646 मीटर, आणि डेन्व्हर शहरच 1,609 मीटरवर आहे. ए-बेसिनचा नुसता पायथा 3,286 मीटर, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवा, तिथून लिफ्ट सुरू होते. त्यात पुढचे बरेच उतार उत्तरेकडे तोंड करून. 2019 मध्ये ते 4 जुलैपर्यंत चालू होतं, आणि 1995 मध्ये तर ऑगस्ट उजाडला होता.

वेड कशाचं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने टेन्थ माउंटन डिव्हिजन म्हणून डोंगरात लढणारी फौज उभी केली, कोलोरॅडोतच कॅम्प हेल इथे तिला स्कीवर तयार केलं आणि 1945 च्या सुरुवातीला इटलीत पाठवलं. (त्याच इटलीत, त्याच वसंतात आपले मराठा लाइट इन्फंट्रीवालेही लढत होते, सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो एप्रिल 1945 मध्येच.) परत आल्यावर त्या डिव्हिजनमधल्या कितीतरी जणांना डोंगर सोडवेना, अमेरिकेतली बरीच स्की रिसॉर्ट त्यांनीच काढली किंवा चालवली. ए-बेसिन 1946 मधलं, ते काढणाऱ्यांमधला लॅरी जम्प याच डिव्हिजनचा. पहिल्या सीझनला लिफ्ट वगैरे काही नव्हतं, एक दोर होता, तो धरायचा आणि वर जायचं. आजही तिथे डोंगराखाली मोठमोठी हॉटेलं नाहीत, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात.

प्रश्न: पार्किंगमध्ये खायला काय न्यावं? गेल्या वर्षी आम्ही तिथे बटाटे उकडायला ठेवले, पाऊण तास झाला तरी टणक. गॅस खराब होता का?

गॅसला दोष नका देऊ. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असतो, पाणी 89 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. खळखळ दिसते पण ताप नसतो, बटाटा बिचारा काय करणार. उपाय आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. आम्ही एकदा कुकर नेला होता, पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतली माणसं दचकून उभी राहिली, चौथ्या शिट्टीला टाळ्या वाजवत होती. पण शहाणपणाचं म्हणाल तर पावभाजीची भाजी घरूनच करून न्या, तिथे फक्त गरम करा आणि पाव लोण्यात भाजा. लोण्याच्या वासाने ओळखी होतात, आम्हाला भाजीच्या बदल्यात सॅल्मन मिळाला होता. चहा तिथे फिकाच होतो, थर्मास न्या. पाणी माणशी निदान तीन लिटर, कारण त्या हवेत श्वासातूनच पाणी जातं आणि डोकं धरलं की लोकांना वाटतं उन्हाने धरलं. डोकं ठणकतंय, मळमळतंय असं झालं तर वर जायचं नाही, खाली उतरायचं, गोळी घेऊन परत लिफ्टला लागायचं नाही.

प्रश्न: दोन बिअर झाल्यावर एक शेवटची रन चालते का?

नाही चालत, आणि हे मी मास्तरीण म्हणून सांगत नाहीये. कोलोरॅडोचा 1979 चा स्की सेफ्टी ॲक्ट आहे, नशेत उतारावर जाणं कायद्यानेच बंद आहे. शिवाय दुपारच्या गिचक्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटायला बिअरचीसुद्धा गरज लागत नाही. परत लव्हलँड पासने येणार असाल तर तो घाट 11,990 फुटांचा, कठडे नावाला, आणि आयसेनहॉवर बोगद्यातून न्यायला बंदी असलेले पेट्रोल-केमिकलचे टँकर त्याच घाटातून येतात. गाडी चालवणाऱ्याने ताक प्या.

प्रश्न: मी कोल्हापूरची. मुलगा डेन्व्हरला आहे. त्याने बनियनवर बर्फात उभा असलेला फोटो पाठवलाय, म्हणतो आई उकडतंय. सर्दी-पडसं नाही ना व्हायचं त्याला?

नाही हो वहिनी, खरंच उकडतं. सर्दीची काळजी सोडा, भाजण्याची करा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो आणि दर हजार मीटरला ती साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणजे ऊन वरून येतं तसंच खालूनही येतं. पोरं कपाळाला आणि गालाला क्रीम लावतात आणि जिथे जन्मात कधी ऊन लागलं नाही तिथे भाजून घेतात, हनुवटीखाली, कानामागे, नाकपुड्यांच्या आत. आणि गॉगल काढून दिवसभर हिंडला तर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, उघडवत नाहीत.

त्याला सांगून तो ऐकणार नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. त्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे आपल्या सकाळी, व्हिडिओ कॉल लावा आणि म्हणा, बाळा, जरा मान वर कर बघू.