बायपॅप चालू असताना ‘वाफ’ द्यायची कशी?

प्रश्न : वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर) असताना वाफ द्यायची तर दर वेळी मास्क काढायचा का?

उत्तर : पंधरा-वीस मिनिटं मास्कशिवाय ते आरामात बसू शकत असतील तर खुशाल काढा, तेच सोपं. मास्क काढताच धाप लागते, ऑक्सिजन घसरतो, अशी स्थिती असेल तर मशीन चालू ठेवूनच औषध द्यावं लागतं. पण जोडणी आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या. आणि आपण हिला वाफ म्हणतो खरं, पण ही पातेल्यातली वाफ नव्हे. हे औषधाचे तुषार असतात. त्यातले साधारण १ ते ५ मायक्रॉनचे थेंब फुप्फुसात खोल जातात, मोठे घशात आणि मास्कवरच अडकतात.

प्रश्न : मी घरी जाऊन रुग्णसेवा करते. नेब्युलायझरचा (औषधाचे तुषार करणाऱ्या यंत्राचा) कप नळीत नेमका कुठे बसवायचा?

उत्तर : सगळी मेख इथेच आहे. एकाच नळीच्या बायपॅपमध्ये उच्छ्वास बाहेर जायला बारीक भोकं असतात, कधी नळीवर, कधी मास्कवरच. ती नळीवर असतील तर टी-पीस (टी आकाराचा जोड) लावून कप भोकं आणि मास्क यांच्यामध्ये, सरळ उभा बसवा. भोकांच्या मशीनकडच्या बाजूला बसवलात तर बरंचसं औषध भोकांतून खोलीत जातं. मास्कवरच भोकं असतील तरीही नासाडी जास्त होते.

मात्र भोकं बुजवू नका! एका घरी सूनबाईंनी ‘औषध वाया जातंय’ म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली होती. सासरे गुंगीत. मी आधी पट्टी ओढून काढली, मग नाडी धरली. ती वाट बंद झाली की सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आतच ओढला जातो.

प्रश्न : नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवला तर दुहेरी फायदा नाही का?

उत्तर : सीओपीडीत उलटंही होतं. जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. कप हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवा, ऑक्सिजन वेगळा द्या आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. शिवाय साध्या जेट कपाला मिनिटाला ६ ते ८ लिटरचा झोत लागतो. घरचं ५ लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तिथे कमीच पडतं.

प्रश्न : औषध घेतल्यावर आईला एका डोळ्याने धूसर दिसतं.

उत्तर : औषधात इप्राट्रोपियम (श्वासनलिका रुंद करणारं औषध) आहे का, ते पाहा. नाकाच्या वरच्या बाजूने मास्क गळत असेल तर तुषार डोळ्यात जातात आणि बाहुली मोठी होते. पट्टे नीट बसवा, पण करकचून आवळू नका, नाकावर जखम होते. तरी डॉक्टरांना कळवाच, बाहुली मोठी होण्याला इतरही कारणं असतात. काचबिंदू असेल किंवा डोळा लाल होऊन दुखत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : त्यापेक्षा रोटाकॅप (श्वासाने ओढायच्या औषधी पावडरीची कॅप्सूल) नाही का चालणार?

उत्तर : बायपॅपमधून नाही. ती पावडर रुग्णाने स्वतः जोरात ओढावी लागते. पंप (दाबून फवारा मारायचा इनहेलर) मात्र चालतो, नळीत स्पेसर (फवारा धरून ठेवणारी पोकळ डबी) जोडून. श्वास आत जायला लागला की त्याच क्षणी दाबायचा.